तुमचं पाणी, तुमचे प्रश्न : आंबलेले ओढे कसे सावरतात?

गेल्या अंकात धुराड्यांविषयी लिहिताना आम्ल पावसाचा ओझरता उल्लेख केला होता. एवढ्याशा ओळीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ‘बोअरचं पाणी प्यायला चालेल का’ आणि ‘आरओ घ्यावा का’ ही नेहमीची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवते. या वेळी फक्त आंबट पाण्याचा विषय.

मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात लिहिलंय की आम्ल पावसाने युरोप-अमेरिकेतले ओढे आणि तळी मेली. पण पुढे काय झालं ते कुठेच नाही. पाऊस स्वच्छ झाला की ओढाही आपोआप स्वच्छ होतो का? किती वर्षांत? — एक विद्यार्थिनी, चोपडा

बरोबर पकडलंस, पोरी. ‘कारणे, परिणाम, उपाय’ एवढे तीन मथळे झाले की आपल्याकडे धडा संपतो, आणि खरी गंमत तर त्यानंतर सुरू होते.

ओढा सावरतो, पण पावसाच्या फार मागून. त्याचं कारण असं की ओढ्यातलं बहुतेक पाणी आभाळातून थेट ओढ्यात पडत नाही. ते आधी डोंगरावर पडतं, मातीत मुरतं, झिरपतं आणि मग ओढ्याला येतं. म्हणजे ओढ्याचं पाणी कसं असेल हे ठरवते माती. पाऊस वर्षा-दोन वर्षांत सुधारेल, माती सुधारायला पिढ्या जातात.

आधी थोडं रसायन. स्वच्छ हवेतला पाऊससुद्धा किंचित आम्लधर्मी असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, म्हणून त्याचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, साधारण ५.६ भरतो. हा आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट. कोळसा आणि तेल जाळून निघालेले गंधकाचे व नायट्रोजनचे वायू मिसळले की त्यांचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल होतं आणि पीएच आणखी उतरतो. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते हे विसरू नकोस. ५.६ चा ४.६ झाला म्हणजे आम्लता दहापट झाली. परीक्षेत हे हमखास चुकतं.

हे पाणी पातळ माती आणि ग्रॅनाइटसारखा खडक असलेल्या डोंगरावर वर्षानुवर्षं पडत राहिलं की मातीच्या कणांना धरून असलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटून वाहून जातं. ते आहे तोवर माती आम्ल पचवते. ते सरलं की पाळी येते अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियम सगळ्याच मातीत असतं, पण एरवी घट्ट बांधलेलं, निरुपद्रवी. पीएच साडेपाचच्या खाली घसरला की ते विरघळून ओढ्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. माशाच्या रक्तातले क्षार बाहेर झिरपतात आणि त्याला श्वास घेता येत नाही. ‘आम्लाने मासे मेले’ असं आपण म्हणतो खरं, पण कित्येक ओढ्यांत त्यांना मारलं ते या अॅल्युमिनियमने.

आता पुढे काय झालं ते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचं संशोधनाचं जंगल आहे. जीन लाइकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांचे सहकारी १९६३ पासून तिथला पाऊस आणि ओढे यांचं रसायन मोजू लागले. एकाच जागी इतकी लांब आणि चिकाटीने ठेवलेली नोंद जगात फार थोडी आहे. तिथला पाऊस तेव्हा ४ पीएचच्या आसपास होता. पुढे अमेरिकेने कायदे कडक केले. १९९० च्या दुरुस्तीनंतर तर वीजकेंद्रांच्या गंधकवायूवर एकूण मर्यादा घातली. आज त्या केंद्रांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड १९९० च्या मानाने नव्वद टक्क्यांहून जास्त घटला आहे. पाऊस सुधारला, ओढ्यातलं सल्फेटही उतरलं. पण ओढ्याचा पीएच त्या मानाने हलेचना! १९९६ मध्ये लाइकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण मांडलं. मधल्या दशकांत मातीतलं कॅल्शियम इतकं धुऊन गेलं होतं की आता सौम्य पावसालाही तोंड द्यायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. खडक झिजून नवं कॅल्शियम तयार होतं, पण त्याची चाल आपल्या आयुष्याच्या हिशेबात बसत नाही.

मग ही शंका खरी का खोटी ते पाहायला १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जवळपास बारा हेक्टरांच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइटच्या गोळ्या पसरल्या. वोलास्टोनाइट म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचं खनिज. ओढ्याची आम्ल पचवायची ताकद वाढली आणि तिथली मॅपलची झाडंही धट्टीकट्टी झाली. हरवलं होतं ते कॅल्शियमच, हे त्यावरून कळलं.

‘किती वर्षांत’ याला एकच आकडा देणं म्हणजे तुझी फसवणूक. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआच्या डोंगरांत माती जुनी आणि खोल आहे. तिने धुरातलं गंधक वर्षानुवर्षं धरून ठेवलं. आता हवा स्वच्छ झाल्यावर ते गंधक सावकाश सुटतंय. कायदा तोच, देश तोच, पण उत्तरेतले ओढे आधी सुधारायला लागले आणि हे मागे राहिले. काही ठिकाणी दहा-वीस वर्षांत फरक दिसला, काही ठिकाणी या शतकाच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागेल.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात सापडायची नाही. सावरणाऱ्या ओढ्याचं पाणी पुष्कळदा आधीपेक्षा गडद, चहाच्या रंगाचं दिसू लागतं. ब्रिटन, स्कँडिनेव्हिया, उत्तर अमेरिका, सगळीकडे हे नोंदलं गेलं. पावसातलं सल्फेट घटलं की मातीतला कुजका सेंद्रिय अंश पूर्वीपेक्षा जास्त विरघळून पाण्यात येतो. तो स्वतः किंचित आंबट असल्यामुळे पीएच हवा तेवढा चढत नाही. तेव्हा नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी असं समजू नकोस. मासे नसलेली कित्येक आंबट तळी काचेसारखी स्वच्छ दिसायची.

आम्ही ठिबकच्या नळ्यांत क्षार बसतात म्हणून ऍसिड सोडतो. त्याने जमीन खराब होते का? आणि तिकडे नदीत चुना टाकतात म्हणे, ते खरं आहे का? — एक केळी उत्पादक, रावेर तालुका

भाऊ, तुम्हाला आम्ल पाऊस शिकवायची गरजच नाही, तुम्ही त्याचा प्रयोग दर हंगामात करता.

ऍसिड ट्रीटमेंटच्या आधी किती ऍसिड लागेल हे बघायला आपण विहिरीचं लिटरभर पाणी मगात घेतो आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडत पीएच पेपर बुडवून पाहतो. आठवा काय होतं ते. पहिल्या थेंबांना कागदाचा निळसर हिरवा रंग हिरवट पिवळा होतो आणि तिथेच अडून बसतो. थेंबामागून थेंब टाका, मगाच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, कागद मात्र ढिम्म. हात दुखायला लागतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या जड पाण्याला दहा-बारा थेंब सहज लागतात. आणि मग अचानक दोन थेंबांत पिवळा, नारिंगी, लाल.

तो जो अडून बसण्याचा वेळ आहे ना, तेवढी त्या पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ती पाण्यातल्या बायकार्बोनेटची. बुडबुडे निघतात ते त्याचेच. ड्रिपरमध्ये पांढरं साचून तुम्हाला छळतो तोच क्षार इथे पाण्याचं रक्षण करत असतो. दक्षिण नॉर्वेतल्या डोंगरी ओढ्याचं पाणी याच मगात घेतलं असतं, तर पहिल्याच थेंबाला कागद लाल झाला असता. त्यांचा आणि आपला फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

जमिनीचं विचाराल तर आपल्या काळीत चुनखडीचे खडे नांगराच्या फाळाला लागतात. वर्षाकाठी ठिबकमधून जाणारं थोडंसं ऍसिड ती सहज पचवते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बरड, मुरमाड जमिनीत चुना कमी असतो, तिथे हात आखडता घ्या. नळ्या ऍसिडने भरून चोवीस तास ठेवल्या की दुसऱ्या दिवशी लॅटरलची टोकं उघडून नीट फ्लश करा, सुटलेला गाळ आतच राहू देऊ नका. आणि हे दरवेळी सांगते, आजही सांगते: पाण्यात ऍसिड ओतायचं, ऍसिडात पाणी कधीही नाही. गडी नवा असेल तर स्वतः उभे राहा.

आता नदीतला चुना. अगदी खरं आहे. तो घराला देतात तो कळीचा चुना नव्हे, दळलेला चुनखडीचा दगड. स्वीडनमध्ये सरकारी खर्चाने हजारो तळ्यांत आणि ओढ्यांत तो टाकला जातो, होडीतून आणि हेलिकॉप्टरनेही. नॉर्वेत नदीकाठी भुकटीची उंच टाकी असते आणि नदीला पाणी किती आहे ते पाहून यंत्र तेवढी भुकटी सोडत राहतं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात तर चुनखडीची वाळू ट्रकने आणून ओढ्याच्या काठावर ओततात. पूर आला की तो ती वाळू आपणच खाली नेतो. मला ही रीत फार आवडली. यंत्र नाही, वीज नाही, ऑपरेटरचा पगार नाही.

पण पुरवठा थांबवला की काही काळाने पाणी पुन्हा आंबट होतं, कारण डोंगराची माती जशीच्या तशी आहे. चुना जिथे मिसळतो त्याच्या लगतच्या पट्ट्यात विरघळलेलं अॅल्युमिनियम घट्ट होऊ लागतं आणि नेमकं तिथे माशांना जास्त बाधतं. पाणथळ जागी सरसकट फेकला तर तिथलं शेवाळ जळतं. माझं मत विचाराल तर धुराडं बंद होईपर्यंत मासे जगवायला चुना ठीक. धुराडं चालू ठेवून वर चुना टाकत बसणं हे कंत्राटदाराच्या सोयीचं.

नदीनं पानी सुधारनं, तर मासा आपसूक येतीन का टाकना पडतीन? — एक वाचक, शिरपूर

येतीन भाऊ, पन आख्खा नही!

पाणी सुधारल्याचा कागद प्रयोगशाळेतून आला म्हणजे ओढा जिवंत झाला असं नाही. वेल्समधल्या लिन ब्रायन धरणाच्या वर काही ओढे आहेत. १९८७-८८ च्या सुमारास त्यांतल्या काहींच्या पाणलोटात चुना टाकला. पीएच चढला आणि बरीच वर्षं टिकला. आंबट पाणी न सोसणारे किडे मात्र दिसायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा दिसायचे. संशोधकांना आढळलं की जोराचा पाऊस झाला की काही तास पाणी परत आंबट होतं. महिन्याच्या सरासरीत ते तास दिसतही नाहीत, पण मेफ्लायच्या पिल्लांना तेवढे तास पुरतात. दगड उलटा केला की खाली चिकटलेले, शेपटीला दोन-तीन धागे असलेले चपटे किडे दिसतात ना, तेच हे. मोठे झाले की त्यांना पंख फुटतात, त्यामुळे शेजारच्या चांगल्या ओढ्यातून ते उडत येऊ शकतात. गोगलगाय, शिंपला, झिंगा यांना पंख नाहीत. त्यांना पाण्याची सलग वाट लागते, आणि शंखाला कॅल्शियमही. म्हणून ते शेवटी येतात किंवा येतच नाहीत. मधे बंधारा असला तर विषयच संपला.

आणि मासा नुसत्या पाण्यावर जगत नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या २२३ क्रमांकाच्या तळ्यात १९७६ पासून मुद्दाम सल्फ्युरिक आम्ल ओतलं. काही वर्षांत पीएच ६.८ वरून ५ च्या आसपास आणला. तिथला मोठा ट्राउट मासा आम्लाने मरण्याआधीच वाळून काटकुळा झाला, कारण त्याचं खाद्य असलेले बारीक झिंगे आणि लहान मासे पीएच ६ च्या खाली जाताच संपले होते. म्हणजे जाताना आधी खाद्य गेलं, मग खाणारा. परत येतानाही आधी खाद्य यावं लागतं. आपल्याकडे उलटं चालतं. पाण्यात किडा आहे का हे कोणी पाहत नाही, आणि फोटोसाठी बोटुकलीच्या पिशव्या ओतल्या जातात.

नॉर्वेच्या दक्षिणेतल्या मंडाल आणि तोवदाल या नद्यांतून सामन मासा पार नाहीसा झाला होता. १९९० च्या दशकात तिथे नेमाने चुना सुरू झाला आणि सामन पुन्हा आला, लोक गळ टाकू लागले. पण त्या नद्यांचं स्वतःचं मूळ वाण गेलं ते गेलंच. आता आहेत ती दुसऱ्या नद्यांतून वाट चुकून आलेल्या आणि काही सोडलेल्या माशांची प्रजा. तुमच्या अरुणावतीचं दुखणं आम्लाचं नाही, तरी एक करा: मासे टाकण्याआधी उथळ धारेतले दगड उलटून पाहा, आणि खालपासून वरपर्यंत माशाला चढायला वाट आहे का ते पाहा.

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आमच्या उशाशी आहेत. यंदा पहिल्या पावसात आमच्या नाल्यातले मासे मरून वर आले. ऍसिडचा पाऊस पडला असा मेसेज फिरतोय. खरं काय? — एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

दादा, तो मेसेज पुसून टाका.

आपल्याकडे पहिला पाऊस सहसा आंबट नसतो. चैत्र-वैशाखात इथे किती धूळ उडते हे तुम्हाला सांगायला नको, आणि त्या धुळीत कॅल्शियम भरपूर. पहिला पाऊस तीच धूळ धुऊन खाली आणतो, त्यामुळे धुराचं आम्ल वाटेतच मरतं. धूळ बसल्यावर, श्रावणाच्या झडीत, पाऊस त्यामानाने आंबट असू शकतो. शिवाय खाली आपला काळा बेसॉल्ट आणि तापीचा चुनखडीचा गाळ. नाल्याचा पीएच साडेसात-आठच्या खाली आणायला पावसाला घाम फुटेल.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी असा मात्र घेऊ नका. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, पण जाळतो किती! डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली. मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. ‘आपल्या कोळशात गंधक कमी’ हे त्यासाठी दिलेलं एक कारण. मला ते पटत नाही. आपली माती आम्ल पचवते, आपली फुप्फुसं पचवत नाहीत. वाऱ्याबरोबर तो धूर सह्याद्रीच्या किंवा पूर्वेकडच्या तांबड्या, चुना नसलेल्या जमिनीवर गेला तर तिथला हिशेब वेगळा.

मग मासे कशाने मेले? मी तुमच्या जागी असते तर आधी कोणते मासे मेले ते पाहिलं असतं. रोहू, कटला मेले आणि मरळ, मांगूर जिवंत आहेत? मग पाण्यातला प्राणवायू संपला होता. मरळ आणि मांगूर पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतात, म्हणून वाचतात. मरायच्या आधी पहाटे मासे तोंड वर काढून भकभक करत होते का, हे काठावरच्या लोकांना विचारा. उन्हाळाभर डबक्यात साचलेलं गटाराचं पाणी, तळाचा काळा गाळ, सडका पाला हे सगळं पहिल्या लोंढ्यात ढवळून निघतं आणि त्यातले जिवाणू काही तासांत प्राणवायू फस्त करतात. मरळसुद्धा मेली असेल, झिंगे-खेकडे सगळेच उलटे पडले असतील, तर विषाची शंका घ्या. कुठे फवारणीचे पंप धुतले का, वरच्या अंगाला कुठून काही सोडलं का, ते शोधा. पाण्याचा नमुना त्याच दिवशी घ्या, बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवून प्रयोगशाळेला द्या. तिसऱ्या दिवशी आणलेल्या बाटलीतून काही निघत नाही. वर्षभर ज्यांनी नाल्यात गटार सोडलं त्यांना ‘ऍसिडचा पाऊस’ फार सोयीचा पडतो. आभाळाला नोटीस काढता येत नाही ना.

शाळेत मुलांकडून पावसाचा पीएच मोजून घ्यायचा आहे. लिटमस चालेल का? — एक शिक्षिका, साक्री

लिटमस नको, पीएच पेपरही नको. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे कागदावरचा रंगच त्या पाण्याला बदलतो आणि वाचन भलतंच येतं. साधा पेनासारखा मीटर घ्या. वापरण्याआधी ४ आणि ७ पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या तयार द्रावणात, तो जुळवून घ्या, आणि आकडा स्थिर व्हायला चांगली तीन-चार मिनिटं द्या. पावसाच्या पाण्यात मीटर रेंगाळतो. प्लॅस्टिकचं भांडं डिस्टिल्ड वॉटरने विसळून, छतापासून आणि झाडापासून लांब, कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. पत्र्यावरून ओघळलेलं पाणी नको. सर पडायला लागली की झाकण काढा, थांबली की लगेच लावा, नाहीतर पावसाऐवजी धूळ मोजाल. एकाच दिवसाचा आकडा फळ्यावर लिहून निष्कर्ष काढू नका. जून ते सप्टेंबर दर सरीची तारीख, वाऱ्याची दिशा आणि आकडा मुलांना वहीत लिहू द्या. ती वही दिवाळीनंतर माझ्याकडे पाठवा, जूनचे आणि ऑगस्टचे आकडे मला शेजारी शेजारी मांडून पाहायचेत.